उधारी आणि सरहद्द

मंडळी, आपल्या पणजोबांच्या काळी एकाच देशात पैसे वसूल करायलाही ‘परदेश’ आडवा येई. ब्रिटिश हिंदुस्थानात संस्थानाचं कोर्ट म्हणजे परकं कोर्ट! फरीदकोटच्या राजाने माजी खजिनदाराविरुद्ध आपल्याच संस्थानात एकतर्फी हुकूमनामे मिळवले. तो आधीच संस्थान सोडून गेलेला. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने ते हुकूमनामे बाहेर निरर्थक ठरवले.

संस्थानं विलीन झाली की प्रश्न मिटला असं वाटेल. छे! ग्वाल्हेरच्या एका मराठी सरदारांनी तिथल्या कोर्टाचा १९४८चा एकतर्फी हुकूमनामा वसुलीसाठी अलाहाबादला नेला. १९५१ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहिता ग्वाल्हेरकडेही लागू झाली होती. तरी १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने नाही म्हटलं. हुकूमनामा झाला तेव्हा ते कोर्ट परकंच होतं, आणि प्रतिवादींनी त्याचा अधिकार मान्य केलेला नव्हता.

आज पुण्याचा हुकूमनामा कलम ३९ खाली कोलकात्याच्या कोर्टाकडे पाठवता येतो. सोय मोठीच. पण जो परक्या कोर्टात बोललाच नाही, त्याच्या घरावर जप्ती आणावी का? मला तरी १९६२चा निकाल पटतो. मात्र खतावणीतली येणी तशीच राहिली, हेही विसरवत नाही. तुम्हाला काय वाटतं?