भोवरा आणि आवर्त

पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उलटून उत्तरेला निघतो. त्याच हिवाळ्यात लक्षद्वीपपाशी शेकडो किलोमीटर रुंदीचा भोवरा उभा राहतो. उपग्रहांना तिथे समुद्र काही सेंटीमीटर फुगलेला दिसतो. पावसाळ्यात त्याच भागात पाणी खोलगट होते. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शंकर आणि शेट्ये यांनी १९९७ साली या जोडीची उपपत्ती मांडली. मी मात्र 'भोवरा' या शब्दातच अडकलो.

मूळ 'भ्रमर' असावे. 'ग्राम'चे गाव, 'नाम'चे नाव झाले, तसाच त्याच्या प्राकृत रूपातला, 'भमर'मधला, म सानुनासिक व झाला. जुन्या लेखनातला 'भोंवरा' त्या अनुस्वाराची साक्ष देतो आणि कोकणीतल्या 'भोंवप'मध्ये तो अजून ऐकू येतो. पण भुंगा पाण्यात कसा शिरला? अमरकोशात कपाळावर रुळणाऱ्या बटांना 'भ्रमरक' म्हटले आहे, म्हणजे डोक्यावरच्या भोवऱ्याचे नातलग संस्कृतातच भेटतात. आरेवर गुणगुणत फिरणारा लाकडी भोवरा कानाशी धरला, की या नात्याबद्दल शंका उरत नाही. मराठीने भुंग्यासाठी 'भृंग' जवळ केला आणि 'भोवरा'कडे निव्वळ गरगरणे ठेवले. भोवती, भोवळ ही त्याच घरातली. केलेले कर्म फिरून अंगाशी येते ते 'भोवणे'ही तिथलेच दिसते.

फारसीने हीच वाट धरली. 'गिर्द' म्हणजे भोवती, 'आब' म्हणजे पाणी, म्हणून 'गिर्दाब' म्हणजे भोवरा. आपल्या दप्तरांतली 'गिर्दनवाई', गावाभोवतालचा मुलूख, याच 'गिर्द'ची.

तरीही समुद्रातल्या या रचनेला मी 'आवर्त' म्हणेन. भोवरा माणसाला खाली ओढतो, ही भीती त्या शब्दाला चिकटली आहे. इथे तर पाणी संथपणे आडवे फिरते. 'आवर्त'मधला 'वृत्' हा लॅटिन 'वर्तेरे'चा सगोत्र, आणि त्याच धातूचे 'आवर्तन' आपण रोज वापरतो. तबल्यावर ते समेला येते, कालव्याला ते पाळीने सुटते. ऋतूबरोबर परतणाऱ्या पाण्याला याहून नेमके नाव सापडणे कठीण. शिवाय त्याला दिशाही जोडता येते. हिवाळ्यातला फुगवटा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, प्रदक्षिणेच्या चालीने फिरतो, तो दक्षिणावर्त. पावसाळ्यातला खळगा वामावर्त.