बीडच्या शस्त्रक्रियांच्या इतिहासातील बुरशी

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर होणारा बुरशीचा संसर्ग हा रोगी जगू लागल्यानंतरचा आजार आहे. आतडे फुटलेला माणूस पूर्वी दोन-चार दिवसांत जिवाणूंच्या संसर्गानेच दगावत असे. बुरशीला वाढायला अवधीच मिळत नसे. शस्त्रक्रिया, सलाइन आणि प्रतिजैविके आली, रोगी आठवडाभर तग धरू लागला आणि मग कॅन्डिडा ही बुरशी दिसू लागली. ती बाहेरूनच येते असे नाही. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात ती थोडीफार असतेच. प्रतिजैविकांनी तिच्या शेजारचे जिवाणू मेले आणि आतड्याला भोक पडले किंवा आतड्याचा जोड सुटला, की ती उदरपोकळीत उतरते.

1839 मध्ये बेर्नहार्ड फॉन लांगेनबेक या जर्मन शल्यविशारदाने विषमज्वराने मेलेल्या रोग्याच्या अन्ननलिकेत ही बुरशी पाहिली आणि तिलाच विषमज्वराचे कारण ठरवले. तर्क चुकीचा होता, पण विषमज्वर आणि बुरशी यांची गाठ शल्यचिकित्सकांना पुढेही पडत राहिली. विषमज्वरात लहान आतड्याचा शेवटचा भाग फुटतो तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तोवर रोगी खंगलेला असतो आणि पोटात बरीच औषधे गेलेली असतात.

बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत आणि तिथे हैदराबाद कॉन्टिन्जंट या फौजेची छावणी होती. छावणी होती म्हणून रयतेची सोय झाली असे मात्र नाही. मराठवाड्यातले पहिले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1956 मध्ये निघाले, तेही औरंगाबादला. अंबाजोगाईहून ते सुमारे दोनशे किलोमीटर. बीड शहरात प्रवासी रेल्वे पोहोचायला तर 2025 साल उजाडले. फुटलेल्या आतड्याचा रोगी इतके अंतर कापून टेबलावर येईपर्यंत पोटात पू साचलेला असे.

1974 मध्ये अंबाजोगाईत ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याला नाव दिले गेले स्वामी रामानंद तीर्थ यांचे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे हे नेते पूर्वी याच गावात योगेश्वरी विद्यालयात शिक्षक होते. आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी या संस्थेची ख्याती सांगतात. तो मान बाजूला ठेवला, तरी केज, धारूर, परळीच्या रोग्याला पोट उघडून घेण्यासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज कमी झाली, हे मोठेच काम होते. अंतर घटले, उशीर पुरता गेला नाही. आधी गावच्या डॉक्टरचे इंजेक्शन, मग तालुक्याच्या दवाखान्यातली सलाइन, मग ‘अंबाजोगाईला न्या’, असा क्रम खेड्यांत सर्रास चालतो, आणि या क्रमात रोग्याला दोन-तीन प्रतिजैविके मिळून जातात. कॅन्डिडाला याहून सोयीचे काही नाही.

निदानासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. शस्त्रक्रियेवेळी उदरपोकळीतला द्रव घेऊन बुरशी वाढवण्याच्या सॅबुरो माध्यमावर लावला, की एक-दोन दिवसांत पांढऱ्या, साईसारख्या वसाहती उगवतात आणि त्यांना यीस्टचा वास येतो. त्यातला कण मानवी रक्तरसात (सीरममध्ये) 37 अंशांवर दोन-तीन तास ठेवला, तर कॅन्डिडा अल्बिकन्सच्या लंबगोल पेशीला बारीक नळी फुटते. मुळाशी न आवळलेली ही नळी हीच तिची खूण. अडचण अर्थ लावण्याची. पोटात बरेच दिवस ठेवलेल्या नळीतून आलेली बुरशी निव्वळ नळीवर वाढलेली असू शकते. दर वेळी औषध द्यायचे नसते. आणि पू काढला नाही, भोक बंद केले नाही, तर कोणतेही औषध पुरे पडत नाही.

औषधांचा इतिहास मातीतून सुरू होतो. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांनी 1950 मध्ये व्हर्जिनियातल्या शेतमातीतील जंतूपासून निस्टॅटिन मिळवले. ॲम्फोटेरिसिन बी व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून आले. महाराष्ट्राचाही यात वाटा आहे, जो फारसा सांगितला जात नाही: पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांच्या चमूने 1961 मध्ये हॅमायसिन जगापुढे आणले. ते देणाऱ्या जंतूला स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना म्हणतात. तोंडातल्या आणि योनिमार्गातल्या बुरशीवर ते चालले. पोटातल्या खोल संसर्गावर मात्र रुळले नाही. तिथे ॲम्फोटेरिसिनच राहिले, थंडी भरवणारे आणि मूत्रपिंडाला जड. पुढे फ्लुकोनॅझोल आल्यावर सर्जनांना पहिल्यांदा थोडी उसंत मिळाली.

बीडमध्ये बुरशी आणि पोटाची शस्त्रक्रिया यांचा एक संबंध अगदी उलट्या दिशेने जुळला. अंगावरून पांढरे जाणे ही ऊसतोड बायांची नेहमीची तक्रार. त्याची कारणे अनेक, कॅन्डिडा हे त्यांपैकी एक. कॅन्डिडाचा संसर्ग योनीत ठेवायच्या साध्या गोळ्यांनी बरा होतो. पण फडात पाणी नाही, आडोसा नाही, कामाचा खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. अशा बाईला कर्करोगाची भीती घालून ‘पिशवी’ काढायला लावण्याचे प्रकार 2019 मध्ये चव्हाट्यावर आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सुमारे 17 टक्के. देशाचे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास आहे. त्यानंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली.

2021 मध्ये कोरोनामागून म्युकरमायकोसिस आला. मधुमेह आणि स्टिरॉइड यांच्या जोडीने तो मुख्यतः नाक, डोळे आणि जबडा पोखरत गेला. जठर-आतड्यात तो क्वचितच होतो, पण तिथे झाला तर रक्तवाहिन्या बुजवून आतड्याचा तुकडाच काळा पाडतो. तो कापून काढावा लागतो. त्या मे महिन्यात त्यावर लागणाऱ्या ॲम्फोटेरिसिनचा तुटवडा राज्यभर पडला आणि वर्ध्यात त्याचे नवे उत्पादन सुरू करावे लागले.