जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर: स्क्रू कचकचून का आवळू नयेत?

अमरावती जिल्ह्यातलं लोणी आणि अकोला जिल्ह्यातलं माना यांच्यातल्या महामार्गाचं ७५ किलोमीटर डांबरीकरण जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंदलं गेलं. अशा गुळगुळीत रस्त्यावरही जुनी फियाट भर उन्हात धाप टाकू शकते. मग बॉनेट उघडतं आणि हात जातो कार्ब्युरेटरच्या स्क्रूंकडे: ‘जरा आवळून बघू.’ बऱ्याचदा खरा बिघाड तिथूनच सुरू होतो.

कार्ब्युरेटरला एवढं जपायचं का?

कार्ब्युरेटर पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात मिसळून इंजिनला देतो. त्याची बॉडी सहसा जस्ताच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते आणि जेट पितळेचे. त्यात घुसणारा स्क्रू मात्र पोलादी. जोर जास्त झाला की स्क्रू शाबूत राहतो आणि बॉडीतले आटे जातात. जुन्या मॉडेलची चांगली बॉडी सहज मिळत नाही.

कोणते स्क्रू फसवतात?

• जपानी फुली: १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चा मिकुनी कार्ब्युरेटर जपानी घराण्यातला. अशा कार्ब्युरेटरवरचा फुलीचा स्क्रू नेहमीच्या फिलिप्ससारखाच दिसतो, पण खाच थोडी वेगळी असते. फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर तिच्यात पूर्ण बसत नाही. तो वर उचलला जातो आणि खाच गुळगुळीत होते. काही स्क्रूंच्या डोक्यावर छोटा ठिपका असतो, ती जपानी मापाची खूण. त्यासाठी ‘जेआयएस’ स्क्रू ड्रायव्हर मिळतो.

• फाटलेल्या टोकाचा स्क्रू: अनेक अ‍ॅम्बॅसेडरमध्ये एसयू कार्ब्युरेटर असायचा. त्यातली थ्रॉटलची चकती दोन बारीक स्क्रूंवर असते. त्यांची टोकं चिरलेली असतात आणि बसवल्यावर फाकवतात. हे विसरलं, तर सुटलेला स्क्रू थेट इंजिनात जाऊ शकतो. एकदा काढल्यावर नवेच स्क्रू लावावेत.

• मिक्श्चर स्क्रू: सोलेक्ससारख्या कार्ब्युरेटरमध्ये याचं टोक सुईसारखं निमुळतं असतं. तो आवळण्यासाठी नाही, जुळवण्यासाठी आहे. जोराने आत दाबला की टोकावर वळ पडतो आणि मग आयडलिंग जमत नाही. काढण्याआधी तो हलकेच टेकेपर्यंत आत फिरवावा, किती फेरे झाले ते लिहून ठेवावं आणि परत लावताना टेकवून तेवढेच फेरे बाहेर घ्यावा.

• जेट: हाही स्क्रूच, फक्त मधोमध मोजून पाडलेलं छिद्र असलेला. त्याच्या खाचेत पूर्ण रुंदीने बसणारा स्क्रू ड्रायव्हरच वापरावा, नाहीतर मऊ पितळ चेमटतं.

मग किती आवळायचं?

मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच पाळावा. नसेल तर छोट्या स्क्रूंसाठी मनगटाचा जोर पुरे, कोपर आणि खांदा नको. वरच्या झाकणाचे सगळे स्क्रू आधी हाताने टेकवावेत, मग समोरासमोरचे आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. बुडाचे नटही तसेच. एकच बाजू आधी आवळली की सपाट पृष्ठभाग वाकतो. त्या फटीतून हवा शिरते आणि गाडी आयडलिंगला थरथरते किंवा बंद पडते. झाकणाकडून पेट्रोल झिरपलं तर धोका त्याहून मोठा. अ‍ॅम्बॅसेडरच्या इंजिनात कार्ब्युरेटर आणि तापलेला एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात.

झिरपत असेल तर आधी पॅकिंग बदलावं. वाकलेली बॉडी जास्त आवळून सरळ होत नाही, आणखी वाकते.

उन्हाळ्यातला गैरसमज

अकोल्यात पारा ४५ अंशांजवळ जातो, तेव्हा गाडी थांबवल्यावर इंजिनच्या धगीने कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळू शकतं. गाडी परत सुरू होत नाही, आणि दोष स्क्रूवर येतो. अशा वेळी बॉनेट उघडून इंजिन थंड होऊ द्यावं. त्यानंतर गाडी सुरू झाली, तर स्क्रू ड्रायव्हर डब्यातच राहू द्यावा.