वहिवाट म्हणजे मालकी नव्हे

आमच्या मोहल्ल्यातल्या मकतबची खोली सध्या वादात आहे. वर्गणीतून घेतलेली, पण खरेदीखत एका विश्वासू बुजुर्गांच्या नावावर. तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. ते वारले आणि मालमत्ता पत्रकावर वारसांची नावं चढली. मुलं आजही तिथेच अलिफ-बे शिकतात; कागद मात्र म्हणतो, खोली एका घराची आहे.

नियत आणि कागद यांची अशी ताटातूट कल्याणला नवी नाही. हाजी मलंग दर्ग्याचंच पाहा. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात गोष्ट येते ती अशी: १७८० मध्ये इंग्रज या भागात आले आणि १७८२ मध्ये गेले, तेव्हा कल्याणच्या काशिनाथपंत केतकरांनी कृतज्ञता म्हणून मजारीवर चादर चढवली. पुढे दुरुस्ती केली, व्यवस्था पाहिली. १८१७ मध्ये कल्याणच्या मुसलमानांनी या व्यवस्थेला हरकत घेतली. बाबांची मर्जी चिठ्ठ्या टाकून पाहायचं ठरलं. तिन्ही वेळा चिठ्ठी पंतांच्या प्रतिनिधीच्या नावाची निघाली.

कौल मिळाला तो व्यवस्थेचा. मालकीचा प्रश्न दीडशे वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात गेला. प्लॉट क्रमांक १३४ दर्ग्याचा की वहिवाटदारांचा स्वतःचा? वहिवाटदार म्हणत होते, उत्पन्न आम्हीच घेत आलो. पण त्यांनी ना स्वतःचे हिशेब दाखवले, ना दर्ग्याचे. १९६८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, पुरावा ज्याच्या हातात आहे त्याने तो पुढे आणला पाहिजे. दडवला तर तो त्याच्या विरोधात जातो. प्लॉट दर्ग्याचा ठरला. हा निकाल देशभरातल्या खटल्यांत आजही आधाराला घेतला जातो.

आपल्यातले काही जण हा निकाल 'आपल्या बाजूचा' म्हणून सांगतात. माझ्या मते तो आपल्यालाच जास्त लागू आहे. वक्फ झालेली वस्तू अल्लाहची. मुतवल्ली हा फक्त अमानतदार. त्याच्या मुलांना ती वारशाने मिळत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यातही विश्वस्तांना ट्रस्टची जागा मनाप्रमाणे विकता येत नाही. कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. पण हे संरक्षण मिळवायचं, तर जागा ट्रस्टची किंवा वक्फची आहे हे आधी कागदावर दिसायला हवं. २०२५ च्या दुरुस्तीनंतर तर वक्फनामा लिहिल्याशिवाय नवा वक्फ करताच येत नाही. तोंडी शब्दाचा जमाना संपला.

म्हणून आपापल्या मशिदीचे, मकतबचे कागद काढून पाहा. खरेदीखत कुणाच्या नावावर आहे? ट्रस्टच्या नोंदणीत ती जागा दाखवली आहे का? सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर कुणाचं नाव आहे? दस्त झाला म्हणजे फेरफार आपोआप झाला असं समजू नका. आणि फेरफार झाला म्हणून मालकी ठरली असंही नाही. ती नोंद मुळात महसुलासाठी असते.

आमच्या खोलीचे दोन वारस नोंदणीकृत दस्त करून जागा द्यायला तयार आहेत. तिसऱ्याने विचारलं, "वर्गणीचा हिशेब दाखवा." प्रश्न रास्त आहे. ते पावतीपुस्तक आम्ही अजून शोधतो आहोत.