शिकणाऱ्यांच्या वाटखर्चाची कहाणी

अध्यक्षीणबाईंनी स्मरणिकेसाठी काही लिहून द्या म्हटले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणत होते. मी सातवी शिकलेली बाई. इतिहासावर लिहिणे हे मास्तरांचे काम. पण गेल्या सभेत जो वाद झाला तो मनातून जाईना. वाद आपल्या शिक्षण-निधीचा. हळदीकुंकवाची वर्गणी आणि वर्षभर घराघरांतून जमवलेल्या मूठमूठ तांदळाचे पैसे मिळून जो निधी झाला, तो नागपूरला नर्सिंग शिकू इच्छिणाऱ्या मुलीला द्यावयाचा, हे ठरले. पण शिकून तिने चिचगडलाच परत यावे असे लिहून घ्यावे की नाही, यावर दोन तट पडले. एक आजीबाई तर म्हणाल्या, "फुकट कोनी देते का वं, बाई?" सगळ्या हसल्या. मला मात्र ते वाक्य डोक्यात घेऊनच घरी जावे लागले. परमुलखी शिकावयास गेलेल्यांना आजवर पैसा कोणी दिला, आणि काय मागून दिला, हे मग मी वाचावयास घेतले. त्यातले जे सापडले ते भगिनींपुढे ठेवते.

आरंभ अर्थातच आनंदीबाई जोशांपासून. त्यांचे नाव आपल्या सर्वांना ठाऊक आहे, पण त्यांच्या प्रवासाचा खर्च कोणी दिला याकडे आपण सहसा पाहत नाही. पती गोपाळराव पोस्टात कारकून. 1878 साली त्यांनी कोल्हापुराहून वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले की, बायकोला अमेरिकेत शिकवावयाचे आहे, साह्य करा. वाइल्डरसाहेबांनी ते पत्र अमेरिकेतल्या आपल्या मासिकात छापले, पण आधी ख्रिस्ती व्हा असाच त्यांचा कल होता. ही पहिली अट. जोशांनी ती मानली नाही. पुढे न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टराकडे गेल्या असता तेच मासिक त्यांच्या हाती पडले. त्यांनी पत्र पाठवून आपल्या घरी जागा देऊ केली, आणि त्यात धर्माची अट नव्हती. एका बाईने दुसऱ्या अनोळखी बाईला एवढे द्यावे, याचे मला फार नवल वाटते.

1883 च्या फेब्रुवारीत आनंदीबाईंनी कलकत्त्याजवळ श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण केले. आपल्या बायकांना बायका डॉक्टर हव्यात, आणि मी हिंदू म्हणूनच जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्याचा आशय होता. भाषणाची बातमी पसरल्यावर ठिकठिकाणांहून मदत आली, व्हाइसरॉयनेही 200 रुपये दिले. वय अठरा. एप्रिलमध्ये त्या मिशनरी बायकांच्या सोबतीने बोटीत बसल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक कॉलेजात त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. तिथला त्यांचा एक फोटो आहे. आपल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली, तिघीही आपापल्या देशाच्या वेषात बसलेल्या. आपल्या पूर्वेकडच्या तिघी मुली परक्या गावी एका कॉलेजात होत्या, आणि परदेशी शिक्षणाच्या आजच्या योजना कागदावर येण्याआधी कितीतरी वर्षे!

11 मार्च 1886 ला त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली जागा त्यांच्यासाठी ठेवली. म्हणजे परतण्याची जागा तयार होती. शरीर मात्र थंडी, उपासमार आणि क्षयाने खचलेले होते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या गेल्या, बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंच्या घराण्याच्या स्मशानात, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, आहेत. पैशाने प्रवास झाला, परीक्षा झाली. पण त्या कोवळ्या देहाला पुरेल असे अन्न आणि ऊब वेळेवर लागते, हे कुठल्या योजनेत लिहिलेले नसते.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. त्यांची तऱ्हा निराळी. 1882 साली त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीच्या पैशातून इंग्लंडचे तिकीट काढले. वांटेजच्या ख्रिस्ती मठात राहावयाची सोय झाली ती फुकट नव्हे, पुण्याला येणाऱ्या तिथल्या भगिनींना मराठी शिकवून. ही देवाणघेवाण मला फार आवडते. वैद्यक शिकावयाचे होते, पण कान अधू असल्याने ते राहिले. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला, तो स्वतःच्या विचाराने. तरीही विचार दुसऱ्याच्या हाती सोपवला नाही. मोठ्या मुलग्यांना शिकवणे बाईला शोभत नाही असे पाद्र्यांनी म्हटले तेव्हा त्यांनी पत्रांतून स्पष्ट वाद घातला. अन्न देणाऱ्याशी वाद घालणे सोपे नसते, हे आपण सासरी नांदलेल्या बायका जाणतो.

1886 साली त्या अमेरिकेत गेल्या आणि तिथे पुस्तक व व्याख्याने यांतून एवढे मन वळवले की 1887 च्या डिसेंबरात बोस्टनला 'रमाबाई असोसिएशन' निघाली. दहा वर्षे खर्च देण्याचे वचन तिने दिले. अट अशी की शाळेत कोणत्याही धर्माचा प्रचार नको. त्यातूनच 11 मार्च 1889 ला मुंबईला विधवांसाठी शारदा सदन उघडले. तिथली एक विद्यार्थिनी गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे. 1893 साली धर्मांतराचा आरोप होऊन सल्लागार मंडळी बाहेर पडली व पुष्कळ मुली घरी नेल्या गेल्या. बोस्टनची वर्गणी चालू राहिली, पण गावचा विश्वास ओसरला. पैसे बोस्टनहून येत होते, विश्वास मात्र पुण्यातच मिळवायला हवा होता.

रखमाबाईंचे थोडक्यात सांगते. बालपणीचे लग्न नाकारून त्यांनी खटला लढवला. मग मुंबईच्या कामा इस्पितळातल्या एडिथ पीची बाई आणि इतर हितचिंतकांनी वर्गणी काढून त्यांना 1889 साली लंडनला धाडले. 1894 साली त्या डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि सुरतेत व राजकोटला वर्षानुवर्षे बायकांची सेवा केली. नव्वदीत, 1955 साली, गेल्या.

आता बाबासाहेबांकडे यावे लागते, कारण अटीचा सगळ्यात मोठा धडा तिथे आहे. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करावी, असा करार होता. अट वावगी नव्हती. महाराजांनी तर एका अस्पृश्य मुलाला तेव्हा एवढे मोठे दार उघडून दिले. परंतु 1917 च्या सप्टेंबरात डॉक्टरसाहेब बडोद्यास नोकरीवर आले तेव्हा त्यांना राहावयास कोणी घर देईना. पारशी धर्मशाळेत जात लपवून राहिले, ते कळताच लाठ्या घेऊन लोक आले. शहरभर कोणाकडे आसरा मिळाला नाही, आणि ते नोकरी सोडून परतले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. करारात दहा वर्षांची सेवा लिहिलेली होती, खोली मात्र लिहिलेली नव्हती. पुढे 1920 साली ते लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करावयास गेले. त्या वेळी स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना नावाच्या पारशी मित्राचे कर्ज उपयोगी पडले. ज्या जातीने बडोद्यात बाहेर काढले, त्याच जातीचा तो मित्र. असो.

त्यानंतर ही कामे सरकारांनी हाती घेतली. दुसऱ्या महायुद्धात परदेशी पडून राहिलेले जादा सामान विकून आलेल्या पैशातून विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करावी, असा कायदा अमेरिकेतल्या फुलब्राइट नावाच्या सिनेटरने 1946 साली करून घेतला. बंदुकी-मोटारींच्या पैशातून वह्या-पुस्तके, ही गोष्ट मला पुराणातल्यासारखी वाटते. 2 फेब्रुवारी 1950 रोजी नेहरूंनी त्या करारावर सही केली. 2008 पासून त्यात भारतही बरोबरीचा खर्च देतो, म्हणून नाव फुलब्राइट-नेहरू. तिथेही अट आहेच, शिकून झाल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे. आपल्या केंद्र सरकारची मागासवर्गीयांसाठीची परदेश शिष्यवृत्ती 1954-55 पासून आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्यात देशभरात मिळून वर्षाला 20 जागा ठेवल्या आहेत. राज्याचीही राजर्षी शाहूंच्या नावाची शिष्यवृत्ती 2003 पासून आहे आणि आदिवासी विकास विभागाची वेगळी. आमच्या या गोंड-हलब्यांच्या मुलखातून देवरीच्या पलीकडे जायलाही एस.टी.ची वाट पाहावी लागते, तेव्हा त्या वीस जागांतली एक आपल्या मुलीला मिळेल का, हे मी सांगू शकत नाही. पण अर्ज कुठला, मुदत कधी संपते, एवढे तरी तिला सांगणारे मंडळ हवे. पूर्वी भंडारा जिल्हा होता तेव्हा कचेरी लांब होती. 1999 साली गोंदिया जिल्हा झाला, कचेरी जवळ आली, पण माहिती तेवढी जवळ आलेली दिसत नाही.

ही सगळी कहाणी वाचून माझे मत पालटले. सभेत मी "लिहून घ्या" म्हणणाऱ्यांच्या बाजूने हात वर केला होता. अट वाईट नसते, कार्पेंटरबाईंसारखे अट न घालणारे क्वचितच. पण जो परत बोलावतो त्याने परतलेल्याची सोय आधी पाहावी लागते. आनंदीबाईंसाठी कोल्हापूरने जागा राखली होती. बडोद्याने नोकरी राखली, छप्पर राखले नाही.

तेव्हा पुढच्या सभेत कागद लिहून घेण्याआधी मी एक प्रश्न विचारणार आहे. ही मुलगी नर्स होऊन चिचगडला परत आली, तर ती उतरेल कोणाच्या घरी, काम तिला कुठे लागेल, आणि रात्रीच्या पाळीहून परतताना तिच्याबरोबर कोण असेल? माझी पुढची खोली रिकामी आहे, तेवढी मी आजच लिहून देते.