टाइपची साक्ष पुरेशी नाही

गणिती सिद्धता संगणकाकडून तपासून घेणाऱ्या प्रणालींना प्रूफ असिस्टंट म्हणतात. त्या घडवणाऱ्यांत एक मत प्रतिष्ठेने वावरते. प्रणालीच्या प्रोग्रामिंग इंटरफेसचे डॉक्युमेंटेशन अद्ययावत ठेवणे हे दुय्यम काम आहे, सवड मिळाली तर करावे, असे ते मत. ते मांडणारे आळशी नाहीत, जाणकार आहेत. म्हणून पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो.

त्यांचे म्हणणे असे. एक, इथे प्रत्येक फंक्शनला काटेकोर टाइप (काय घ्यायचे आणि काय परत द्यायचे याचा करार) असतो आणि तो शिळा होऊ शकत नाही, कारण तो चुकला तर कोड कंपाइलच होत नाही. दोन, सगळ्यांच्या शेवटी कर्नल, म्हणजे प्रत्येक सिद्धतेची अंतिम तपासणी करणारा प्रणालीचा गाभा, बसलेला असतो आणि खोटी सिद्धता तो स्वीकारत नाही. जॉर्ज गोंतिए यांनी कॉक या प्रणालीत २००५ साली चार रंगांच्या प्रमेयाची आणि २०१२ साली सहकाऱ्यांसह फाइट-थॉम्पसन प्रमेयाची सिद्धता तपासून घेतली. त्यांवरचा विश्वास कर्नलमुळे आहे, टिपणांमुळे नाही. तीन, गद्यातली टिपणे कोणतेच यंत्र तपासत नाही, आणि शिळे टिपण हे टिपण नसण्यापेक्षा घातक. चार, इंटरफेस दर आवृत्तीत बदलतो, मग लिहिलेले टिकणार किती दिवस?

युक्तिवाद देखणा आहे. आता एकेक मुद्दा तपासू.

पहिला टाइपचा. कॉकमध्ये (२०२५ पासून या प्रणालीचे नाव रॉक) नैसर्गिक संख्यांचा भागाकार शून्यानेही करता येतो, कारण तिथे प्रत्येक फंक्शनला प्रत्येक वेळी काहीतरी उत्तर द्यावेच लागते. ७ भागिले ० याचा भागाकार ०. मग बाकी किती? पूर्वी ० होती. २०२१ च्या ८.१४ या आवृत्तीपासून ती ७ झाली. हेतू उघड आहे: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी हे शाळेतले सूत्र भाजक शून्य असतानाही खरे राहावे. पण फंक्शनचा टाइप बदलला का? दोन नैसर्गिक संख्या घ्या, एक परत द्या, हेच तो आधी सांगत होता आणि नंतरही सांगत राहिला. उत्तर बदलले आणि साक्षीदाराच्या जबानीत एका अक्षराचाही फरक पडला नाही.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की जुन्या उत्तरावर विसंबलेल्या सिद्धता तुटतील आणि यंत्रच ओरडून सांगेल. मान्य. पण यंत्र कुठे तुटले ते सांगते, का तुटले ते नाही. शिवाय ज्या प्रोग्रामविषयी कोणी काही सिद्धच केलेले नाही, तो निमूटपणे नवे उत्तर देऊ लागतो. तिथे ओरडणार कोण?

दुसरा मुद्दा कर्नलचा. रॉकसाठी ओकॅमल भाषेत प्लगइन लिहिणाऱ्याचे उदाहरण घ्या. अर्धवट सिद्धतेतल्या न भरलेल्या जागांचा हिशेब एका नोंदवहीत असतो. कोडमध्ये तिला रूढीने सिग्मा म्हणतात. अनेक फंक्शने ही वही घेतात आणि निकालासोबत सुधारलेली वही परत देतात. जुनी वहीही हाताशी उरतेच. दोन्हींचा टाइप एकच! पुढच्या पायरीला चुकून जुनी दिली तरी कोड विनातक्रार कंपाइल होतो आणि चालवताना भलत्याच ठिकाणी कोसळतो. कर्नल इथे खोटी सिद्धता थोपवेल, हे खरे. पण प्लगइन लिहिणाऱ्याने काय करायला हवे होते, हे त्याला कर्नल सांगेल का? मुळीच नाही. कर्नल निवाडा देतो, मार्गदर्शन करत नाही.

एक गोष्ट प्रतिपक्षाच्या पदरात घालायला हवी. प्रमेयाचे विधान बहुतेक वेळा स्वतःच पुरेसे बोलते. लीन प्रणालीच्या मॅथलिब या ग्रंथालयाने हा विवेक नियमातच उतरवला आहे. तिथला तपासनीस प्रोग्राम टिपणाविना आलेल्या व्याख्येवर आक्षेप घेतो, प्रमेयाला मात्र ती सक्ती नाही. पण इंटरफेस बनतो तो मुख्यतः व्याख्यांचा आणि फंक्शनांचा. म्हणजे सवलत आहे ती नेमकी आपल्या वादाबाहेरच्या मुलखात.

तिसरा मुद्दा शिळेपणाचा. रोग खरा आहे, पण तो असाध्य आहे असे कोणी ठरवले? इझाबेल या आणखी एका प्रूफ असिस्टंटच्या दस्तऐवजात प्रमेयाचे विधान हाताने उतरवावे लागत नाही. लेखक त्याचे नाव लिहितो आणि प्रणाली तपासलेले विधान तिथे आणून ठेवते. नाव चुकले तर दस्तऐवज तयारच होत नाही. रॉकच्या संदर्भपुस्तिकेतली उदाहरणेही पुस्तिका तयार होताना प्रत्यक्ष चालवली जातात. तेव्हा उदाहरण यंत्राने तपासावे आणि हेतू माणसाने लिहावा. टिपणे शिळी होतात म्हणून ती लिहूच नयेत हा निष्कर्ष त्या कारणातून निघत नाही. निघतो तो एवढाच, की ती तपासण्याची सोय करावी.

चौथा मुद्दा तर प्रतिपक्षावरच उलटतो. न बदलणारा इंटरफेस एकदा शिकून भागते. बदलणाऱ्याचे तसे नाही. रॉकच्या ९.० आवृत्तीत नुसते नाव बदलले नाही. प्रमाण ग्रंथालय वेगळे झाले, आणि ते आयात करताना ‘कॉक’ऐवजी ‘स्टडलिब’ लिहायचे ठरले. जुन्या पाठ्यपुस्तकावरून शिकणाऱ्याला हे टाइप सांगणार का? ओकॅमलच्या इंटरफेसमध्ये कोणत्या आवृत्तीत काय बदलले याची वेगळी नोंद खुद्द रॉकचे निर्माते ठेवतात. ते हा खटाटोप हौसेखातर करत असतील काय?

वाचकांनीच निवाडा करावा. टाइपची साक्ष खरी आहे, पण अपुरी आहे. कर्नल निष्पक्ष आहे, पण त्याच्यापुढे जेवढे मांडले तेवढेच तो पाहतो. फंक्शन कशासाठी आहे, कोणत्या क्रमाने वापरायचे, त्याच्या कोणत्या वागणुकीवर विसंबायचे आणि कोणती उद्या बदलू शकते, हे फक्त दस्तऐवज सांगतो. म्हणून इंटरफेस बदलणारा आणि दस्तऐवज तसाच ठेवणारा प्रस्ताव अपूर्ण समजून परत पाठवावा. सिद्धतेतली एक पायरी गाळलेली चालत नाही, अशी शिस्त मिरवणाऱ्या क्षेत्राला एवढी मागणी जड वाटू नये.