गुप्त गुणांची वही : शिकागोच्या शिक्षिकांचा लढा

मराठी साहित्यात शिक्षक पुष्कळ आहेत. शिक्षकांची संघटना मात्र त्यात अभावानेच आढळते. पु. ल. देशपांडे यांचे चितळे मास्तर आठवले की त्यांच्या झिजलेल्या वहाणा आठवतात आणि वाचकाचे मन भरून येते. ते तसे यावेच. परंतु म्हातारपणी या मास्तरांना नव्या वहाणा कोण घेऊन देणार होते, हा प्रश्न त्या भरून आलेल्या मनात सहसा उमटत नाही. शिक्षकाच्या त्यागाला आपण मान देतो. त्याने वेतन, निवृत्तिवेतन किंवा शाळेच्या कारभारातला वाटा मागितला की तो मान जरा ओसरतो. ही वृत्ती केवळ आपलीच नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शिकागो शहरात प्राथमिक शाळांच्या शिक्षिकांना तिच्याशी झगडावे लागले. त्या झगड्यात निवृत्तिवेतन, शिक्षकांचे मूल्यमापन आणि सार्वजनिक शाळांवरील नियंत्रण असे तीन प्रश्न पुढे आले. ते वरवर वेगळे दिसतात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, मुळात प्रश्न एकच होता : शिक्षकाच्या कामाचा हिशेब कोणी ठेवायचा आणि तो कोणी पाहायचा?

या इतिहासाचा आरंभ निवृत्तिवेतनापासून होतो. १८९५ मध्ये इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने शिकागोतील शिक्षकांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा केला. वेतनातून एक टक्का रक्कम कापून निधी उभारायचा आणि स्त्रियांना वीस वर्षांच्या, पुरुषांना पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अर्धे वेतन द्यायचे, अशी त्याची योजना होती. अधिक वेतन घेणाऱ्या काही मुख्याध्यापकांना आणि माध्यमिक शिक्षकांना ही कपात रुचली नाही व कायदा रद्द करण्याची खटपट सुरू झाली. ज्यांना या आधाराची खरी गरज होती त्या प्राथमिक शिक्षिका त्यामुळे जाग्या झाल्या. मार्च १८९७ मध्ये ‘शिकागो टीचर्स फेडरेशन’ची स्थापना झाली ती या कायद्याच्या रक्षणासाठी. कॅथरिन गॉगिन आणि मार्गारेट हेली या दोघी लवकरच तिच्या आधारस्तंभ बनल्या.

हेली यांचा जन्म १८६१ चा, जोलिएट येथील एका आयरिश कुटुंबातला. शिकागोच्या कत्तलखान्यांच्या परिसरातील एका शाळेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले होते. अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ (१९०६) या कादंबरीमुळे जगाला ठाऊक झालेला हाच तो परिसर. एका वर्गात पन्नास-साठ मुले, तीही निरनिराळ्या देशांतून आलेल्या मजुरांची, अशी तेथील स्थिती होती. अशा वर्गात उभ्या राहणाऱ्या बाईला ना मतदानाचा पूर्ण हक्क होता, ना नोकरीची शाश्वती. तिच्यापाशी होते ते एकच : हिशेब वाचण्याची सवय.

ती सवय लवकरच उपयोगी पडली. १८९८ मध्ये शिक्षण मंडळाने प्राथमिक शिक्षकांची वेतनवाढ मंजूर केली. परंतु पैसा नसल्याचे कारण देऊन ती पुढे थांबवण्यात आली. ‘पैसा नाही’ हे उत्तर शिक्षकांच्या पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आल्या आहेत आणि बहुधा ते ऐकून परतल्याही आहेत. गॉगिन आणि हेली परतल्या नाहीत. पैसा नाही तर तो गेला कोठे, याचा शोध त्यांनी करांच्या दप्तरात घेतला. शहरातील ट्राम, गॅस, वीज, दूरध्वनी अशा सेवा पुरवणाऱ्या बड्या कंपन्यांना रस्ते वापरण्याचे जे मौल्यवान परवाने मिळाले होते, त्यांच्यावर कर आकारलाच जात नव्हता. १९०० च्या सुमारास हेली यांनी वर्ग सोडला आणि त्या संघटनेच्या पूर्णवेळ कार्यकर्त्या झाल्या. पाच कंपन्यांविरुद्धचे हे प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि १९०१ मध्ये न्यायालयाने आकारणीचा आदेश दिला. शाळेतल्या बायकांनी शहराच्या तिजोरीत भर घातली होती.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. आपल्या वाट्याला आलेला हा पैसा मंडळाने वेतनाकडे न वळवता कोळशाची बिले आणि इमारतींची दुरुस्ती यांकडे वळवला. संघटना पुन्हा न्यायालयात गेली. १९०४ मध्ये न्यायाधीश एडवर्ड डन यांनी शिक्षकांच्या बाजूने निकाल दिला. वर्षभरातच हे डन शिकागोचे महापौर म्हणून निवडून आले. शिक्षिकांना मत नव्हते हे खरे. पण १९०२ मध्ये त्यांनी शहराच्या कामगार महासंघाशी हातमिळवणी केली होती आणि कामगार पुरुषांना मत होते. सुशिक्षित स्त्रियांनी गवंड्या-हमालांच्या पंगतीला बसावे हे अनेक प्रतिष्ठितांना खटकले. हेली यांचा हिशेब सरळ होता. ज्यांची मुले सार्वजनिक शाळांत जातात, त्यांनीच त्या शाळांची राखण करायची.

आता मूल्यमापनाकडे वळू. १८९९ मध्ये शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या समितीने शहराच्या शिक्षणव्यवस्थेची पुनर्रचना सुचवली : मंडळ लहान करावे, अधीक्षकाच्या हाती अधिक सत्ता द्यावी, नेमणुका आणि बढत्या तज्ज्ञांच्या मताने व्हाव्यात. मंडळाच्या कारभारात वशिलेबाजी होती, हे हार्पर यांचे निदान खोटे नव्हते. राजकारण्यांच्या हातून शाळा सोडवून त्या तज्ज्ञांकडे द्याव्यात, ही त्या काळच्या सुधारकांची प्रामाणिक श्रद्धाही होती. परंतु या रचनेत वर्गात शिकवणाऱ्या बाईला जागा नव्हती. तिने आज्ञा पाळायची होती. शिक्षिकांनी सह्यांची मोहीम उघडली, कामगारांचे पाठबळ मिळवले आणि ते विधेयक संमत होऊ शकले नाही.

विधेयक पडले तरी विचार पडला नाही. १९०० मध्ये अधीक्षक झालेले एडविन कूली यांनी त्यातला बराच भाग कारभाराच्या वाटेने आणला. ठरावीक पायरीच्या पुढची वेतनवाढ हवी तर शिक्षिकेने बढतीची परीक्षा द्यावी आणि तिच्या कार्यक्षमतेला पुरेसे गुण मिळालेले असावेत, असा दंडक आला. हे गुण मुख्याध्यापक देत, ते वर कळवले जात आणि शिक्षिकेला मात्र दाखवले जात नसत. आपल्याकडच्या ‘गोपनीय अहवाला’शी परिचय असलेल्या वाचकाला याचा अर्थ निराळा सांगावा लागू नये. विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका परत मिळते. चूक कोठे झाली हे त्याला पाहता येते. इथे मात्र गुण मिळत होते, पण उत्तरपत्रिका परत मिळत नव्हती. जिच्या कामात सुधारणा व्हावी म्हणून गुण द्यायचे, तिच्यापासूनच ते लपवायचे, तर त्यांचा उपयोग सुधारणेसाठी होतो असे म्हणता येणार नाही. त्यांचा उपयोग धाक म्हणून होतो.

मूल्यमापनच नको, अशी हेली यांची भूमिका मानली तर त्यांच्यावर अन्याय होईल. १९०४ मध्ये सेंट लुईस येथे राष्ट्रीय शिक्षण परिषदेपुढे शिक्षकांनी संघटित का व्हावे, या विषयावर त्यांनी भाषण केले. अपुरे वेतन, नोकरीची अशाश्वती, म्हातारपणीची निराधार अवस्था, गर्दीने फुगलेले वर्ग, या तक्रारी त्यात होत्याच. पण त्यांचा रोख त्यापलीकडे होता. शाळेचा कारखाना होत चालला आहे. वरून आलेला हुकूम प्रश्न न विचारता बजावणारा यंत्राचा एक भाग, एवढीच शिक्षकाची किंमत उरते आहे, हे त्यांचे मुख्य दुखणे होते. ज्याला स्वतःला विचार करण्याची मुभा नाही, तो मुलांना विचार करायला कसा शिकवणार?

हाच प्रश्न वेगळ्या भाषेत एला फ्लॅग यंग विचारत होत्या. शिकागोच्या शाळांतच वाढलेल्या या विदुषीने शिकागो विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्यासमवेत काम केले. विचार करणारे वर आणि अंमलबजावणी करणारे खाली अशी फाळणी शाळेला आतून तोडते, असे त्यांनी ‘आयसोलेशन इन द स्कूल’ (१९०१) या प्रबंधात मांडले. आपण त्यांच्याकडून खूप शिकलो, ही ड्यूई यांची कबुली प्रसिद्ध आहे. याच ड्यूईंच्या वर्गात पुढे कोलंबिया विद्यापीठात (१९१३ ते १९१६) डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले आणि ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या १९३६ च्या प्रबंधात त्यांनी ड्यूईंचा उल्लेख आपले शिक्षक म्हणून केला. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा विचार आपल्याकडे ज्या वाटेने आला, तिचा एक फाटा शिकागोच्या प्राथमिक शाळांतून जातो. ही गोष्ट आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच सांगितली जाते.

१९०९ मध्ये यंग शिकागोच्या अधीक्षक झाल्या. अमेरिकेतील एवढ्या मोठ्या शहराच्या शाळांचे प्रमुखपद प्रथमच एका स्त्रीकडे आले होते. त्यांनी गुप्त गुणांची पद्धत बंद केली आणि शिक्षकांना कारभारात बोलता यावे म्हणून शिक्षक-परिषदांना उत्तेजन दिले. मधल्या काळात, डन यांच्या कारकिर्दीत, जेन ॲडम्स यांनीही मंडळाच्या सदस्य म्हणून बढतीच्या योजनेत तडजोड घडवण्याचा प्रयत्न केला होता. त्यात त्या दोन्ही बाजूंच्या रोषाला पात्र ठरल्या. ‘ट्वेंटी इयर्स ॲट हल-हाऊस’ (१९१०) या आत्मकथनात त्या अनुभवाचा कडवटपणा उतरला आहे. सदिच्छा असलेल्या मध्यस्थाची कोंडी समजून घ्यायची तर ती पाने वाचावीत.

यंग १९१५ मध्ये निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी वारे फिरले. मंडळाचे एक प्रभावी सदस्य जेकब लोएब यांच्या पुढाकाराने सप्टेंबरमध्ये नियम झाला की, कामगार संघटनांशी संबंध असलेल्या शिक्षक-संस्थेचे सदस्यत्व कोणाही शिक्षकाला घेता येणार नाही. त्या वर्षांत शिकागोत पत्रकारिता करणारे कवी कार्ल सँडबर्ग यांनी हेली यांच्या बाजूने लेखणी चालवली. जानेवारी १९१६ मध्ये गॉगिन रस्त्यावरील अपघातात दगावल्या. त्याच वसंतात ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स’ ही देशव्यापी संघटना शिकागोत जन्मली आणि हेली यांची संस्था तिची पहिली शाखा ठरली. उन्हाळ्यात मंडळाने ६८ शिक्षकांची फेरनेमणूक नाकारली. त्यांपैकी ३८ जण फेडरेशनचे सदस्य होते.

या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा तपशील पुढेच आहे. काढून टाकलेल्यांपैकी अनेकांच्या कामाला वरिष्ठांनीच चांगला शेरा दिलेला होता. इतकी वर्षे ज्या वहीसाठी भांडण झाले, ती वही ऐन वेळी कोणी उघडलीच नाही. गुण वाईट असते तर ते कारण म्हणून पुढे आले असते. गुण चांगले होते, म्हणून ते निरुपयोगी ठरले. मूल्यमापनाच्या वादात खरा प्रश्न गुणवत्तेचा होता की ताबा कोणाचा हा होता, याचे उत्तर १९१६ च्या उन्हाळ्याने दिले. १९१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले : कोणाला नेमावे आणि कोणाला नेमू नये हे ठरवण्याचा मंडळाचा अधिकार अबाधित आहे, त्यासाठी कारण देण्याचीही गरज नाही.

हेली यांनी माघार घेतली. सहकारी शिक्षिकांना नोकरीवर परत घेतले जावे म्हणून फेडरेशनने कामगार महासंघाशी आणि स्वतःच जिचा पाया घातला त्या राष्ट्रीय संघटनेशीही संबंध तोडले. त्याच वर्षीच्या ओटिस कायद्याने तीन वर्षांच्या उमेदवारीनंतर नोकरीला संरक्षण दिले. नोकरी टिकली, आवाज मात्र खालावला. हेली १९३९ मध्ये वारल्या. त्यांचे ‘बॅटलग्राउंड’ हे आत्मचरित्र १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या चळवळीला मर्यादाही होत्या. ती मुख्यतः गोऱ्या प्राथमिक शिक्षिकांची होती, आणि शिकागोच्या कृष्णवर्णीय शिक्षकांना पुढे आपल्या न्यायासाठी स्वतंत्रपणे झगडावे लागले, अनेकदा संघटनेच्या आतही.

प्रश्न मात्र संपला नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये, रसायनशास्त्राच्या शिक्षिका कॅरन लुईस यांच्या नेतृत्वाखाली, शिकागोचे सुमारे २६,००० शिक्षक व कर्मचारी संपावर गेले आणि सात दिवस शाळा बंद राहिल्या. वादाच्या मुद्द्यांत विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील गुणांवरून शिक्षकांचे मूल्यमापन करावे की नाही, हा एक प्रमुख मुद्दा होता. १९०२ चे गुण मुख्याध्यापकाच्या मर्जीतून येत, २०१२ चे संख्याशास्त्रीय सूत्रातून. दोन्ही वेळी त्या शिक्षिकेला तो आकडा कसा निघाला हे कळत नव्हते. पुढल्याच वर्षी सुमारे पन्नास सार्वजनिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला आणि त्याची झळ प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्त्यांना बसली. हा निर्णय घेणारे मंडळ महापौरांनी नेमलेले होते. हे मंडळ लोकांनी निवडावे ही मागणी त्यानंतर बळावली; २०२१ मध्ये तसा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकागोच्या मतदारांनी मंडळाच्या काही जागांसाठी प्रथमच मतदान केले.

निवडून आलेले मंडळ नेमलेल्या मंडळापेक्षा शहाणेच असेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. निवडणुकीत पैसा येतो, संघटनांचे हितसंबंधही येतात. पण निवडलेल्या मंडळाला एक प्रश्न जाहीरपणे विचारता येतो आणि त्याला तो टाळता येत नाही : हिशेब दाखवा. गॉगिन आणि हेली यांनी करांच्या दप्तरापुढे बसून हाच प्रश्न विचारला होता. त्यांच्या हाती त्या वेळी मतपत्रिका नव्हती; १८९५ च्या कायद्याची प्रत होती आणि थांबवलेल्या वेतनवाढीचा ठराव होता.